वाटची सव्वा मूठ

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारे भाऊ मूळचे जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातले, वय ३७. साडेतीन वर्षांपूर्वी बायको-मुलाला घेऊन ते कोइंबतूरला गेले. तिथल्या एका सूतगिरणीत देखभाल विभागात सुपरवायझर आहेत, पगार इकडच्या दुप्पट. दर महिन्याला घरी दहा हजार पाठवतात. मुलगा दुसरीत आहे. गावी ७१ वर्षांचे वडील, आई आणि चार एकर कोरडवाहू कापूस. धाकटा भाऊ सुरतेला. शनिवारी रात्री गाडीत बसला की सकाळी अमळनेरला उतरतो. "तू नुसता फोन करतोस," असं तो एकदा बोलून गेला, ते यांच्या मनातून जात नाही. गिरणीत चहाच्या सुट्टीत सगळे तमिळमध्ये बोलतात, हे मोबाइल काढून बसतात. मुलाला अहिराणी समजते, पण बोलत नाही; यांना तो तमिळ पोरांसारखा 'अप्पा' (बाबा) म्हणतो आणि गावी आजोबांनाही सगळे अप्पाच म्हणतात. बायको 'रुळली आहे'. तिचं शिलाई मशीन गावाहून नेलं, ते गॅलरीत सुतळीनं बांधलेलं तसंच आहे. दोन वर्षं कानबाईच्या सणाला जाणं झालं नाही. यंदा आईनं यांच्या आणि नातवाच्या वाटचे गहू रोटासाठी मोजून घेतले आणि फोनवर तसं सांगितलं. त्या रात्री यांना झोप लागली नाही. आता जळगावात ओळखीनं निम्म्या पगाराची नोकरी मिळते आहे. इकडे गिरणीत बढतीचं बोलणं चाललंय आणि सहकारी म्हणतात, फ्लॅट घेऊन टाका. त्यांचा प्रश्न असा: "मी घर सोडून पळालो का? परत यावं की इथंच राहावं?"

भाऊ,

नोकरीचं नंतर बोलू. आधी त्या गव्हाचं, कारण तुमची झोप त्यानंच उडवली.

नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे आपली कानबाई. ज्यांच्या घरी ही देवी बसत नाही त्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. घरातल्या एकेका पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, दळायचे, त्याचे रोट करायचे आणि सगळ्या भाऊबंदकीनं एकत्र बसून खायचे. रात्री जागरण, सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाईला नदीवर न्यायचं. सुरत, नाशिक, पुणे, जिथं असेल तिथून माणूस या दिवसाला घर गाठतो. नाहीच आला, तरी त्याचे गहू मोजले जातात. तुमच्या आईनं तेच केलं. तुम्ही ते टोमण्यासारखं ऐकलंत. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला त्यात एका म्हाताऱ्या बाईचा साधा निरोप ऐकू आला: तुझं माप धरलंय रे बाबा, काळजी करू नको. मुलगा एवढ्या लांब असताना आईला दुसरं काय सांगता येतं?

आता एक विचारते. त्या रोटात तुमच्या आईच्या नावाची मूठ कधी होती का? तुमच्या बायकोच्या नावाची?

रूढीला नावं ठेवायला मी हे विचारत नाही. माझ्याही सासरी कानबाई बसते आणि मी ते गहू वर्षानुवर्षं भक्तीनं मोजले आहेत. विचारते ते एवढ्यासाठी की आपलं घर सोडून परक्या गावी जायचं, तिथलं पाणी, तिथली माणसं, तिथलं बोलणं अंगवळणी पाडायचं, हे तुमच्यावर चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा आलं. तुमच्या आईवर ते विशीत आलं असेल. आजीवर त्याच्याही आधी. धरणगावची पोर साक्रीला जाते, शहाद्याची चाळीसगावला, आणि आपण म्हणतो 'नांदायला गेली'. तिच्या पत्रिकेत 'स्थलांतर' असा शब्द कोणी लिहीत नाही. पण ते स्थलांतरच असतं. तुम्ही ज्या गोष्टीला एकटे भिडताय असं तुम्हाला वाटतं, तिचं सगळं शहाणपण तुमच्याच घरात आहे, फक्त ते स्वयंपाकघरात आहे आणि ते कोणी विचारलेलं नाही.

माझं माहेर शहाद्याकडचं, सासर भुसावळ. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला तीन गोष्टी विचारून घ्यायला लावल्या: पाणी किती वाजता येतं, दळण कुठं टाकायचं, आणि दुपारी कोणाच्या ओट्यावर बसायचं. "तिसरं नाही सापडलं तर पहिली दोन पुरत नाहीत," असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांचं स्वतःचं माहेर सुटलं तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या.

हे माहीत असूनही मी चुकलेच. १९९१ साली नवऱ्याची बदली झाली ती थेट विशाखापट्टणमला. दोन वर्षांचीच तर गोष्ट आहे, असं म्हणत गेलो आणि चार वर्षं राहिलो. जाताना मी मांडे करायचं खापर गोधडीत गुंडाळून लोखंडी पेटीत घेतलं होतं. खापर म्हणजे मातीचं, उपडं चुलीवर ठेवायचं, त्यावर हातावर लांबवलेली पुरणाची पोळी टाकायची. शेजारी एक तेलुगू बाई राहायच्या. आपला गुढीपाडवा तोच त्यांचा उगादी. त्या दिवशी त्यांनी ताटलीतून दोन बोब्बट्लु आणून दिले. बोब्बट्लु म्हणजे पुरणपोळीच, जरा लहान आणि जाड. मी खुणांनी सांगितलं की आमच्याकडे याहून मोठी करतात, एवढी, हातावर. त्यांनी डोळे मोठे केले आणि खुणांनीच विचारलं, दाखवशील का? मी म्हटलं, पुढच्या वर्षी. असं चारही वर्षं म्हटलं. परत निघालो तेव्हा ट्रकमध्ये ती पेटी आदळली. भुसावळला येऊन उघडली तर गोधडीत खापराचे तीन तुकडे होते. एकही मांडा त्यावर झाला नव्हता.

तुमच्या गॅलरीतल्या मशीनचं वाचलं तेव्हा मला ती पेटी दिसली. म्हणून आता तुमच्या पत्रातल्या सगळ्यात लहान वाक्याकडे येते. "बायको रुळली आहे."

भाऊ, तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात कापसाच्या गाठींवरच्या लेबलांबद्दल अख्खा परिच्छेद आहे: ब्लोरूममध्ये, म्हणजे कापूस मोकळा करायच्या विभागात, गाठ उघडली की ती खानदेशातली आहे का ते तुम्ही बघता, आणि असली तर हात लावून बघता. वाचून पोटात तुटलं. पण ज्या बाईनं तुमच्याबरोबर घर उचललं तिच्यासाठी दोन शब्द आले. ती कशावरून रुळली? कुरकुर करत नाही म्हणून? गावी तिच्याकडे पिको-फॉल आणि ब्लाउज शिवायला अठरा-वीस बायका यायच्या, असं तुम्हीच ओझरतं लिहिलं आहे. म्हणजे तिचा धंदा होता, रोज येणारी-जाणारी माणसं होती, स्वतःचे पैसे होते. तुमच्या गिरणीनं तुम्हाला ओळखपत्र दिलं, हुद्दा दिला, चहाचा कप दिला, मग त्या टेबलावर तुम्ही गप्प का बसेनात. तिला त्या शहरानं काय दिलं? साडेतीन वर्षांत सुतळी सुटली नाही, ती जागा नाही म्हणून, की 'आपण जाणारच आहोत' असं घरात रोज बोललं जातं म्हणून?

हा प्रश्न तिला विचारा, पण जेवताना, मुलासमोर, टीव्ही चालू असताना नको. तेव्हा ती 'बरं आहे' म्हणेल, सगळ्याच म्हणतात. एखाद्या रविवारी दोघं बाहेर निघा आणि विचारा, गावातलं काय सगळ्यात जास्त आठवतं आणि इथलं काय गेलं तर चुकल्यासारखं वाटेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत मी हे फार पाहिलं आहे: नवरा परत यायला आतुर असतो, आणि बायकोला त्या परक्या गावात पहिल्यांदा दार आतून लावून दुपारी तासभर पडता आलेलं असतं, ते तिला कोणाला सांगताही येत नाही. तुमच्या घरी तसंच असेल असं मी म्हणत नाही. उलटही असेल. पण ते न विचारता जळगावचं ठरवलंत, तर तिला तिसऱ्यांदा नांदायला पाठवल्यासारखं होईल.

'पळालो' हा तुमचा शब्द आहे. कर्ज बुडवून जाणारा पळतो. चार एकर कोरडवाहू कापसावर दोन भावांचे संसार, आई-वडिलांची औषधं आणि एक कोरडा गेलेला पावसाळा, एवढं भागत नाही, हे पारोळ्यातल्या कोणत्याही पारावर विचारा. तुमचा भाऊही गाव सोडूनच गेला आहे. सुरतेत उधना, लिंबायत, दिंडोलीच्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येते, भाजीवाला तीच बोलतो, म्हणून ते गेल्यासारखं वाटत नाही एवढंच. त्याला एक रात्र लागते, तुम्हाला दोन दिवस. सरळ रेषेत मोजलं तरी कोइंबतूर हजार किलोमीटरच्या पलीकडे आहे. हे अंतर तुमच्या मायेचं माप धरू नका. आणि त्याच्या बोलण्याचा राग धरू नका. दर आठवड्याला रात्रीची गाडी पकडणाऱ्याचं अंग दुखत असतं, त्यातून माणूस बोलतो.

त्याच्याशी कामाची वाटणी करा, स्पष्ट बोलून. काही गोष्टी लांबून होत नाहीतच. ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाइलवरची नोंद, शेतात उभं राहूनच करावी लागते, दवाखान्यात वडिलांचा हात धरायला माणूस जागेवरच लागतो. ते भावाकडे. कागदपत्रं, बँक, विमा, औषधांचा खर्च, सातबारा काढणं, हे तुमच्याकडे, आणि पूर्णपणे तुमच्याकडे, त्याला आठवण करून द्यावी लागता कामा नये. वडील सत्तरीच्या पुढे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड मिळतं. काढलं नसेल तर या महिन्यात काढून घ्या. ज्यांचे आई-वडील गावी आहेत आणि आपण लांब आहोत, अशा सगळ्याच वाचकांना हे सांगते: आधी हे कार्ड, मग बाकीची हळहळ.

आणि फोन. तुम्ही रोज आठ वाजता फोन करता, आई 'बरं शे' म्हणते, तुम्ही 'बरं आहे' म्हणता, दीड मिनिटात संपतो. दोघंही एकमेकांपासून काहीतरी लपवत असता म्हणून तो असा सुकलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वडील सांगतात कापूस फुटला, आणि तुमच्याकडे परतीच्या पावसानं रस्ते भरलेले असतात, मग काय बोलायचं कळत नाही, असं तुम्ही लिहिलंत. अहो, बोलण्यासारखं तुमच्याकडे जेवढं आहे तेवढं सुरतेच्या भावाकडेही नाही! तुमचे वडील कापूस पिकवतात आणि तुम्ही तो गिरणीच्या तोंडाशी उघडता. १७० किलोच्या त्या गाठीत काय काय निघतं ते त्यांना कोणी कधी सांगितलंय का? वेचणीला खताच्या प्लास्टिकच्या गोण्या वापरल्या की त्यांचे धागे रुईत जातात, पुढे सुतात येतात, रंग धरत नाहीत आणि गिरणीवाले कपाळाला हात लावतात. दव असताना वेचलेला ओला कापूस पुढे कसा त्रास देतो. पाला-काडी किती निघते. हे त्यांना सांगा, फोटो पाठवा, त्यांचं म्हणणं विचारा. सुती फडक्यात वेचल्यानं भाव लगेच वाढेलच असं नाही, व्यापारी सगळा एकत्रच ओततो हे मलाही माहीत आहे. पण एकाहत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला आपला माल कुठपर्यंत जातो हे मुलाच्या तोंडून कळणं, आणि मुलाला बापाला विचारण्यासारखं काहीतरी असणं, यानं तो फोन दीड मिनिटावर राहणार नाही.

चहाच्या टेबलाचं. तुम्ही म्हणता, ते मुद्दाम तमिळमध्ये बोलतात, हिंदीत विचारलं तर तुटक उत्तर देतात. मला तुमचं एकटेपण कळतं. पण हिंदी तुमची कुठं आहे? लहानपणी घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि हिंदी ही तुम्ही गाडीत आणि टीव्हीवर शिकलात. ती ना तुमची, ना त्यांची. दोन माणसं एकमेकांशी तिसऱ्याच्याच चपला घालून बोलायला निघालीत, त्यात पाय दुखणारच. तमिळचे शंभर शब्द शिका. मुलगा शिकवेल, त्याला केवढी ऐट वाटेल. सुरुवात 'साप्टींगळा?'पासून करा. जेवलात का. आपल्याकडे सकाळी ओट्यावरून जाणाऱ्याला 'जेवन व्हयनं का?' विचारतात, तोच प्रश्न, तेवढ्याच अगत्यानं, आणि उत्तराची तितकीच कमी अपेक्षा ठेवून. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तेही 'पोयिट्टु वरेन' म्हणतात, जाऊन येतो. अण्णा, अक्का, अप्पा हे तर दोन्हीकडे आहेतच. त्या भागातली तमिळ शेवटाला 'ङ्ग' लावून आदरानं बोलण्याबद्दल तमिळनाडूत ओळखली जाते, म्हणजे तुम्ही चांगल्या ठिकाणी पडला आहात.

इथं मला एक जड गोष्ट बोलायची आहे, रागावू नका. आपल्याकडे चोपडा, यावल, रावेरच्या शेतांत सातपुड्यातून पावरा, बारेला आदिवासी कुटुंबं येतात, सालदार म्हणून वर्षानुवर्षं राहतात, मळ्यातल्या खोलीत त्यांची मुलं मोठी होतात. त्यांची भाषा वेगळी आहे. आपल्यातल्या किती जणांना तिच्यातला एक तरी शब्द येतो? मला येत नाही. साठी उलटली, येत नाही. त्यांच्या चहाच्या वेळेला आपण त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलतो, हा विचार मी तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा केला. तुमच्या गिरणीच्या होस्टेलमध्ये ओडिशा-बिहारची पोरं आहेत असं तुम्ही लिहिलंय. ती वीस-बावीस वर्षांची आहेत, एकटी आहेत आणि तुम्ही त्यांचे सुपरवायझर आहात. त्यांना 'जेवलास का' कोण विचारतं?

मराठी माणूस तिथं नाही, हे मात्र तुम्ही न शोधताच लिहिलंत. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले, सोनं-चांदी गाळणारे, कित्येक पिढ्यांपासून दक्षिणेतल्या गावागावांत आहेत आणि कोइंबतूर हे दागिन्यांच्या कामाचं मोठं ठाणं आहे. सराफ बाजारातल्या गल्ल्यांत चौकशी करा. त्यांची मराठी माणदेशी, तुमची खानदेशी, एकमेकांना हसाल. पण त्यांच्या घरातल्या बायकांनी तिथं दुकानामागच्या खोलीत संसार कसा मांडला, हे तुमच्या बायकोला त्यांच्याकडूनच कळेल. आणि ब्लाउज शिवून घेणाऱ्या पहिल्या चार बायकाही कदाचित तिथंच भेटतील.

मुलाच्या 'अप्पा'नं आजी दुखावली असं तुम्ही लिहिलंत, ते खरं आहे आणि ते बोलून सुटेल. आजोबांना मात्र विचारून बघा. नातू फोनवर 'अप्पा' म्हणून हाक मारतो तेव्हा ती आपल्यालाच आहे असं समजून ते 'ओ' देत असतील. अहिराणी त्याला शिकवू नका, त्याच्यासमोर बोला. तुम्ही दोघं घरात मराठी बोलता 'म्हणजे त्याला शाळेत गोंधळ नको', असं लिहिलंत. दोन मोठी माणसं जी भाषा एकमेकांशी भांडताना, हिशेब करताना, कोणाची नक्कल करताना वापरतात, ती पोराला आपोआप येते. तुम्हीच ती सोडलीत, मग तो कोणाकडून घेईल?

खाण्याचं लवकर सांगते. भरताचं वांगं तिथं मिळणार नाही, ते डोक्यातून काढा, हिवाळ्यात आलात की खा. पण कळण्याची भाकरी होते. ज्वारीला तिथं चोळम म्हणतात आणि त्या भागात ती पिकतेही. सालीचे काळे उडीद तर त्यांच्या प्रत्येक दुकानात. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद, चवीला मीठ, आणि पिठाच्या गिरणीवाल्याला सांगायचं की इडलीसारखं नको, कोरडं आणि बारीक दळ. पहिली खेप फसली तरी दुसरी जमेल.

आता तुमचा प्रश्न. माझं मत विचारता तर जळगावची नोकरी आत्ता घेऊ नका.

जळगाव म्हणजे तुमचं गाव नव्हे. तिथून पारोळा पन्नास-साठ किलोमीटर. तिथंही भाड्याचंच घर, निम्म्या पगारात, आणि आई-वडिलांना तुम्ही भेटणार ते रविवारीच, म्हणजे भाऊ भेटतो तसे आणि तेवढेच. दहा हजार पाठवणं बंद होईल, ते वडील मागणार नाहीत आणि तुम्हाला रोज खटकेल. तुम्ही ही नोकरी त्या एका रात्रीच्या अस्वस्थतेतून बघताय. वडिलांना खरोखर काय हवंय हे तुम्ही पत्रात कुठंच लिहिलेलं नाही, कारण विचारलेलं नाही. 'परत ये' असं ते म्हणाले आहेत का? म्हणाले असते तर तुम्ही लिहिलं असतं.

तितक्याच ठामपणे सांगते, फ्लॅटही घेऊ नका. मनाची ओढाताण थांबावी म्हणून वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं नसतं. बढती मिळाली तर जरूर घ्या.

तुमच्याकडे खरी मुदत आहे ती मुलाच्या शाळेची. तमिळनाडूत २००६ च्या कायद्यानं दहावीपर्यंत तमिळ सक्तीची, महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं शाळाशाळांत मराठी सक्तीची. तिसरी-चौथीत पोरगं इकडून तिकडे नेलं तर वर्षभरात सावरतं. सातवी-आठवीत नेलं तर दोन्हीकडून लटकतं. म्हणजे दोन-तीन वर्षं तुमच्या हातात आहेत. ती पेटी न उघडता काढू नका. वडिलांची तब्येत ढासळली किंवा बायकोनं मन मोकळं करून 'मला इथं जमत नाही' म्हटलं, तर मात्र दोन वर्षांची वाट बघायची नाही, तेव्हा निम्मा पगारही चालेल.

आणि दरम्यान आपल्या बायकांकडून एक गोष्ट उचला. सासुरवाशिणीचं माहेरी जाणं ठरलेलं असतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती येणार, लिंबाला झोका बांधलेला असणार, चार दिवस कोणी तिला काम सांगणार नाही, आणि मग ती जाणार. म्हणून वर्षभर ती सासरी नांदू शकते. 'जाऊ की नको' हा खल तिला रोज घालावा लागत नाही. तुम्ही रोज घालताय, साडेतीन वर्षं. पुढच्या कानबाईचा रविवार आजच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. लांबच्या गाड्यांचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, त्या तारखेला सकाळी बसून तिघांची तिकिटं काढा. रजा मात्र आत्ताच मागून ठेवा. गिरणीत तुमच्या हाताखालच्या पोरांनाही त्यांच्या सणाला अशीच आधी ठरवून रजा देता आली तर बघा. एकदा तिकीट हातात आलं की मधल्या महिन्यांत 'कधी येतोस' या प्रश्नाला तुमच्याकडे तारीख असेल.

उद्याच्या फोनवर आईला 'बरं आहे ना' विचारण्याआधी हे विचारा: माय, तू लग्न होऊन आलीस तेव्हा पहिलं वर्ष कसं काढलंस? कोणाच्या ओट्यावर बसायचीस? ती आधी हसण्यावारी नेईल, "ते काय आता" म्हणेल. घाई करू नका, थांबा. स्पीकर लावा आणि सुनेलाही जवळ बसवा. तिलाही ते कोणी सांगितलं नसेल.

आई काय म्हणाली ते सवडीनं मला कळवा.